झेंडूला झेंडू का म्हणतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज तालुक्यात आमची लहानशी रोपवाटिका आहे. आषाढ लागला की दसऱ्याच्या झेंडूसाठी रोपं न्यायला माणसं येतात. लागवडीचं अंतर, खत, पाणी हे विचारतातच, पण ट्रे गाडीत ठेवता ठेवता कुणीतरी थबकतं आणि म्हणतं, "ताई, झेंडू म्हणजे काय हो? हा शब्द कुठला?" नंतर फोनवरही तेच येतं. गेली काही वर्षं मी हे प्रश्न वहीत लिहून ठेवत आले. खाली त्यांची उत्तरं आहेत, फक्त नावाबद्दलची. फवारणी आणि बाजारभाव इथे शोधू नका.

१. झेंडू या शब्दाला काही अर्थ आहे का, की नुसतंच नाव?

अर्थ आहे, आणि तो अगदी साधा आहे. झेंडू म्हणजे चेंडूसारखं गोल फूल. दोन्ही शब्द एकामागून एक मोठ्याने म्हणून बघा. फक्त पहिलं अक्षर बदलतं, आणि च व झ ही तोंडात एकाच जागी उमटणारी अक्षरं आहेत. पूर्ण उमललेलं भगवं फूल देठ खुडून तळहातावर ठेवा, ते घरंगळतं. बघणाऱ्याने जे पाहिलं तेच नाव दिलं, असं माझं पक्कं मत आहे. ते कशावरून, हे पुढच्या प्रश्नात.

२. चेंडू आणि झेंडू सारखे ऐकू येतात म्हणून एकाच मुळातले कसे? हा योगायोग कशावरून नाही?

शंका रास्त आहे. नुसत्या सारख्या आवाजावर विसंबलं की माणूस फसतो. त्याची दोन उदाहरणं प्रश्न १२ मध्ये दिली आहेत. पण इथे साक्षीदार एक नाही, आजूबाजूच्या सगळ्या भाषा आहेत.

आमच्या सासूबाईंचं माहेर जत तालुक्यात, कन्नड बोलणाऱ्या गावात. लग्न होऊन आले त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघी माळा ओवत बसलो होतो. त्या मला म्हणाल्या, "ते चेंडू हू इकडं सरकव." मी आपली घरात मुलांचा चेंडू शोधायला उठले. कन्नडमध्ये चेंडु म्हणजे चेंडू आणि हू किंवा हूवु म्हणजे फूल. झेंडूचं कन्नड नावच 'चेंडु हूवु' आहे. मिरजेच्या बाजारात अथणी-कागवाडकडून आलेल्या बायका "चेंडु हू एष्टु?" म्हणून भाव विचारतात, तेव्हा हाच शब्द कानावर पडतो.

आता जरा लांब जाऊ. तेलुगूत झेंडूला 'बंती पुव्वु' म्हणतात, आणि बंती म्हणजे चेंडू. हिंदीत 'गेंदा', आणि गेंद म्हणजे चेंडू. बंगालीतला 'गांदा' त्याच घरातला. गुजरातीत 'गलगोटो', त्यातला गोटो म्हणजे गोल गोळा. तमिळ आणि मल्याळममध्ये 'चेंडुमल्ली', म्हणजे चेंडूसारखी मल्ली (मोगरा). तेलुगूतला शब्द कन्नडशी जुळत नाही, गुजरातीतला हिंदीशी जुळत नाही, तरी अर्थ सगळीकडे तोच. इतक्या भाषांतल्या माणसांनी हे फूल पाहिलं आणि आपापल्या घरातला गोल वस्तूचा शब्द उचलून त्याला दिला. मराठी माणसाने तेवढं वेगळं काही केलं असेल असं मला वाटत नाही.

३. आधी कोण, चेंडू की झेंडू? फुलावरून खेळण्याला नाव पडलं असेल तर?

चेंडू आधी. ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्यात जमिनीवर हाणलेल्या आणि उसळून हातात परत येणाऱ्या चेंडूचा दृष्टान्त आहे, शब्दही 'चेंडुवा' असाच. त्या वेळी हे फूल भारतात नव्हतं, ते अमेरिका खंडात होतं (प्रश्न ४ पाहा). म्हणजे शब्द इथे आधीपासून वापरात होता, फूल दोनशेहून अधिक वर्षांनी आलं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

४. झेंडू आपला नाही? मग तो आला कुठून?

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून. कोलंबस १४९२ मध्ये अटलांटिक ओलांडून गेला, त्यानंतर स्पॅनिश लोकांनी तिकडची झाडंपेरं युरोपात नेली आणि पुढे पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांमधून ती आशियात पसरली. झेंडूचं बी हलकं असतं, वाळकं असतं आणि चिमूटभर बियांत वाफा भरतो. लांबच्या प्रवासाला याहून सोयीचं झाड मिळणं कठीण. १५४२ मध्ये लिओनार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात त्याचं चित्र छापलं गेलं, म्हणजे अवघ्या पन्नास वर्षांत ते युरोपच्या बागांत रुजलं होतं.

आपल्याकडच्या फुलांत तो एकटाच पाहुणा नाही. गुलछडी, म्हणजे निशिगंध, तीही मेक्सिकोची. डेलियाही तिकडचाच. मिरची, बटाटा, टोमॅटो, सीताफळ हे सगळे त्याच खंडातून आले.

५. मग मेक्सिकोत त्याचं मूळ नाव काय होतं?

तिथल्या नाहुआत्ल भाषेत 'सेम्पोआल्शोचित्ल'. स्पॅनिशमध्ये त्याचं 'सेम्पासुचिल' झालं आणि आज मेक्सिकोत हेच म्हणतात. 'सेम्पोआल' म्हणजे वीस, 'शोचित्ल' म्हणजे फूल. वीस फुलं, किंवा वीसफुली म्हणा.

वीसच का? नाहुआत्ल बोलणाऱ्या लोकांची मोजणी विसाच्या गठ्ठ्यांनी चालायची, त्यामुळे वीस हा 'पुष्कळ' सांगणारा आकडा झाला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझी आजी वय विचारलं की "तीन ईसा आन् वर पाच" असं सांगायची, म्हणजे पासष्ट. वाईच्या बाजूला तिच्या पिढीच्या बायका आंबेही विसावर मोजत. 'पुष्कळ' म्हणताना आपण हजारी मोगरा म्हणतो, त्यांनी वीसफुली म्हटलं, एवढाच फरक.

आणि त्या नावात शास्त्रही आहे. एक झेंडू घ्या. खालची हिरवी वाटी अंगठ्याच्या नखाने उभी चिरा आणि दोन्ही हातांनी उघडा. आत कुंचल्यासारखा दाट झुपका दिसेल. त्यातली एक पाकळी चिमटीत धरून ओढा. तिच्या बुडाला एक बारीक लांबट बी येईल, काळपट होत चाललेलं. दुसरी ओढा, तिलाही स्वतःचं बी. आपण पाकळी म्हणतो ती पाकळी नसून एकेक पूर्ण फूल असतं आणि अशी कित्येक फुलं एका वाटीत दाटीवाटीने बसलेली असतात. सूर्यफूल आणि शेवंती याच कुळातली, त्यांचंही असंच. आपण बाहेरचा आकार पाहून चेंडू म्हटलं. मेक्सिकोच्या माणसाने वाटी उघडून आत पाहिलं असावं.

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला तिथे पितरांचा सण असतो. त्या दिवशी घराच्या उंबऱ्यापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, की तिच्या रंगावरून आणि वासावरून गेलेली माणसं घरी यावीत.

६. शास्त्रीय नाव 'टॅजेटस' आहे. ते कशावरून?

टॅजेस नावाच्या मुलावरून. इटलीत रोमन लोकांच्या आधी एट्रुस्कन लोक राहत. त्यांच्या पुराणात एक कथा आहे. तार्क्विनी गावाच्या शिवारात एक शेतकरी नांगरत होता. फाळ खोल गेला आणि तासातून एक मूल वर आलं. दिसायला लेकरू, ज्ञान म्हाताऱ्याचं. त्याने तिथे जमलेल्या लोकांना भविष्य जाणण्याची विद्या शिकवली. हीच गोष्ट रोमन वक्ता सिसेरो यानेही लिहून ठेवली आहे.

आपल्याला ही कथा ऐकताच जनकाची आठवण होते. सीता हा शब्दच मुळी नांगराच्या तासाचा. दोन लांबच्या देशांत जमीन नांगरणाऱ्या माणसांना एकच कल्पना सुचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

फुलाशी त्याचा संबंध असा लावतात: झेंडूचं बी गळून पडतं आणि पुढच्या पावसात कुणी न पेरता जमिनीतून आपोआप वर येतं, टॅजेससारखं. ज्यांच्या परड्यात एकदा झेंडू झाला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. कार्ल लिनीअस याने १७५३ मध्ये वनस्पतींना दुहेरी नावं देताना हे नाव कायम केलं. मोठ्या झेंडूचं 'टॅजेटस इरेक्टा', म्हणजे ताठ उभा, आणि बुटक्याचं 'टॅजेटस पॅट्युला', म्हणजे पसरणारा.

७. बियांच्या पाकिटावर 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' लिहिलेलं असतं. मग मेक्सिकोचा कसा?

पाकिटावरची दोन्ही नावं युरोपातल्या गैरसमजातून आली आहेत. झेंडू उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लवकर पोहोचला आणि तिथे रानोमाळ वाढू लागला. सम्राट पाचवा चार्ल्स याने १५३५ मध्ये ट्युनिसवर स्वारी केली, तेव्हा हे फूल तिथलंच असं युरोपच्या लोकांना वाटलं आणि मोठा झेंडू 'आफ्रिकन' ठरला. बुटका इंग्लंडला फ्रान्समधून पोहोचला म्हणून 'फ्रेंच'. गंमत अशी की खुद्द फ्रेंच लोक त्याला 'इंडियाचं फूल' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि त्यांची ती इंडिया म्हणजे वेस्ट इंडिज.

तुमच्या कामापुरतं: आफ्रिकन म्हणजे उंच झाड, मोठं गोंडेदार फूल, हाराचं. फ्रेंच म्हणजे वीतभर ते हातभर झुडूप, लहान फूल, पुष्कळदा तांबूस-पिवळं दुरंगी.

८. 'मेरीगोल्ड' म्हणजे काय? मेरी कोण?

येशूची आई मेरी. मेरीचं सोनं, असा त्याचा अर्थ. पण हे नाव मुळात झेंडूचं नव्हे. युरोपात कॅलेंड्युला नावाचं केशरी-पिवळं फूल पूर्वीपासून होतं, त्याचं ते नाव. झेंडू तिकडे गेल्यावर रंग जुळला म्हणून इंग्रजांनी तेच त्याला चिकटवलं. म्हणून मलमाच्या डबीवर किंवा साबणावर कॅलेंड्युला लिहिलेलं असेल तर त्यात झेंडू आहे असं समजू नका. झाडं वेगळी आहेत. कॅलेंड्युलाही आपल्याकडे थंडीत कुंड्यांमधून लावतात, पण त्याची पानं अखंड असतात आणि झेंडूची पिसासारखी कातरलेली, चुरगाळली की उग्र वासाची.

९. कोकणातली मामी 'गोंडा' म्हणते, आई 'मखमल' म्हणते. ही वेगळी फुलं आहेत का?

गोंडा म्हणजे झेंडूच. टोपीला किंवा बैलाच्या शिंगाला बांधतात तो गोंडा, त्यावरून दक्षिण कोकणात आणि गोव्यात हे नाव पडलं. इथेही आकारच पाहिला, फक्त चेंडूऐवजी गोंडा आठवला. मखमल किंवा मखमली म्हणजे बहुतेक वेळा बुटका झेंडू (प्रश्न ७). त्याच्या तांबड्या पाकळीवर बोट फिरवलं की हे नाव का, ते कळतं.

'कलकत्ता झेंडू' हे आडतीवरचं नाव. ते वाणाला दिलेलं आहे, फुलाला नाही.

१०. संस्कृतात झेंडूला काय म्हणतात?

जुन्या संस्कृत काव्यात झेंडू शोधू नका, तो तिथे असूच शकत नाही. कारण प्रश्न ४ मध्ये आहे. पुढच्या काळात वैद्यांनी त्याला 'स्थूलपुष्पा' म्हटलं, म्हणजे मोठ्या फुलाची. चेंडूला संस्कृतात कन्दुक किंवा गेन्दुक म्हणतात आणि हिंदीतला गेंद त्याच घरचा.

११. गणपतीत आमच्या मंडळाचा ऐतिहासिक जिवंत देखावा आहे. त्यात झेंडूची तोरणं चालतील का?

साताऱ्याहून हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि विचारणाऱ्या मुलांचं मला कौतुक वाटतं. देखावा देवगिरीच्या यादवांचा किंवा ज्ञानेश्वरांचा असेल तर झेंडू काढा. तेव्हा तो या देशात नव्हता. आंब्याची पानं, कमळ, सोनचाफा, जाई लावा. शिवकाळाचा असेल तर काळाच्या हिशोबात अडचण नाही. महाराजांचा जन्म १६३० चा, आणि तोवर झेंडू मेक्सिको सोडून शंभराहून अधिक वर्षं झाली होती. शाहू महाराजांचा सातारा तर त्याहीनंतरचा, १७०८ पासूनचा. पण जाडजूड, एकसारख्या गोल फुलांचे आजचे संकरित वाण तेव्हा कुठेच नव्हते. शक्य असेल तर गावठी, लहान फुलं वापरा.

१२. झेंडूचा झेंड्याशी आणि झंडू बामशी काही संबंध आहे का?

दोन्हींशी नाही. झेंडा हा हिंदीतल्या झंड्याचा भाऊ, अर्थ निशाण. झेंडूचा भगवा रंग आणि भगवा झेंडा एकत्र डोळ्यांसमोर येतात म्हणून मनात गाठ पडते, पण शब्द वेगळे आहेत.

झंडू हे माणसाचं नाव. जामनगरला झंडू भट नावाचे प्रसिद्ध वैद्य होते. त्यांच्या नातवाने १९१० मध्ये मुंबईत औषधांचा कारखाना काढला आणि त्याला आजोबांचं नाव दिलं.

१३. कासच्या पठारावर पिवळेधमक रान पसरलेलं असतं, तो रानझेंडू का?

नाही, ती सोनकी. पावसाळा संपताना साताऱ्याच्या डोंगरांवर पसरते ती आपली, इथलीच. कुळ मात्र झेंडूचंच. वाटी उघडून पाहिलीत तर तशीच रचना सापडेल (प्रश्न ५), पण कासला फूल तोडू नका. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे आणि तिथलं एकेक झाड बी धरायला हवं. नावाकडे मात्र जरूर बघा: सोन्यासारखी म्हणून सोनकी. इंग्रजांनी त्यांच्या फुलात मेरीचं सोनं पाहिलं, आपल्या डोंगरातल्या माणसांनी सोनकीत.

रस्त्याच्या कडेला नारिंगी, एकेरी पाकळ्यांचं उंच फूल दिसतं आणि लोक त्यालाही रानझेंडू म्हणतात. तो कॉसमॉस. तोही मेक्सिकोचाच, आणि आपल्या गवताळ माळांवर तो बेसुमार पसरतो आहे. त्याचं बी हौसेने आणून टाकू नका, ही कळकळीची विनंती.

१४. लाडू-लाडवाचा, विंचू-विंचवाचा. मग झेंडू-झेंडवाचा का नाही?

छापील मराठीत 'झेंडूचा', 'झेंडूला' हेच रूढ आहे आणि शाळेच्या वहीत तेच लिहावं. चेंडूही तसाच चालतो: चेंडूचा, चेंडूला. दोघं व्याकरणातही जोडीने वागतात, तेव्हा प्रश्न २ मधल्या पुराव्यांना ही एक जोड समजा.

१५. परदेशी आहे म्हणून देवाला वाहू नये, असं एकांनी सांगितलं. खरं का?

मग आमटीत मिरचीही घालता येणार नाही आणि उपवासाला बटाटा चालणार नाही. माझ्या मते कितीतरी पिढ्यांनी औताला, बैलांना, दुकानाच्या चौकटीला आणि देवाला ज्या फुलाच्या माळा घातल्या ते फूल आपलंच झालं. मराठवाड्याचा पोळा असो की आपल्याकडचा बेंदूर, बैलाच्या गळ्यात झेंडू असतो. सणाला तोच का, याचं कारण शेतातलं आहे. पावसाळ्यात लावलेला झेंडू बरोबर दसरा-दिवाळीला भरात येतो, आणि ओवलेली माळ दोन-तीन दिवस मान टाकत नाही. मोगऱ्याला हे जमत नाही.

१६. बायकांची नावं शेवंता, गुलाब, जाई, अबोली अशी असतात. झेंडू का कुणी ठेवत नाही?

हा प्रश्न इस्लामपूरच्या एका आजोबांनी पाठवला. त्यांना चार बहिणी, चौघींची नावं फुलांची. आधी मला वाटलं, झेंडू पुल्लिंगी म्हणून. पण गुलाबही पुल्लिंगीच, तरी गावोगाव गुलाबबाई होत्या. वासाचं म्हणावं तर अबोलीला वासच नसतो.

मला वाटतं, कारण शब्दातच आहे. शेवंता म्हटलं की फूल दिसतं, दुसरं काही दिसत नाही. झेंडू म्हटलं की आपल्या कानाला अजूनही त्यातला चेंडू ऐकू येतो. अर्थ माहीत नसलेल्यालाही येतो. लेकीला चेंडू कोण म्हणेल? लाडाने मात्र म्हणतात. आमची धाकटी गुबगुबीत होती तेव्हा सासूबाई तिला मांडीवर घेऊन "माझं चेंडू हू गं" म्हणायच्या, आणि ती खरंच वळायची.